सध्या काय करता?

शाळेला पन्नास वर्षं झाली की ती स्मरणिका काढते आणि स्मरणिका काढायची ठरली की तिला तुमची आठवण येते. मागे तुम्ही दाखल्याची दुय्यम प्रत मागायला गेला होतात, तेव्हा खिडकीतल्या बाईंनी मान वर न करता ‘कुठल्या सालचे?’ एवढंच विचारलं आणि मंगळवारी यायला सांगितलं. आता मात्र व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर रोज सकाळी निरोप येतो: नाव, बॅच, सध्या काय करता, मिळालेले पुरस्कार, एक पासपोर्ट फोटो, शब्दमर्यादा शंभर. गांगरून जाऊ नका. जरा बेतानं लिहिलंत तर शंभर शब्दांत कोणाचंही आयुष्य छापण्याजोगं होतं.

पहिलं म्हणजे तुम्ही शाळेपासून किती लांब राहता ते बघा, कारण बातमीचा भाव किलोमीटरवर ठरतो. न्यू जर्सीत बसून गिऱ्हाइकांची गाऱ्हाणी ऐकणारा ‘अमेरिकास्थित उच्चपदस्थ’ असतो. हिंजवडीत बसून तीच गाऱ्हाणी ऐकणारा ‘आयटी क्षेत्रात कार्यरत’ असतो. आणि शाळेच्या फाटकासमोर झेरॉक्सचं दुकान टाकलेला ‘आपलाच आहे तो’ असतो. त्याची माहिती कोणी मागवत नाही. स्मरणिकेच्या कच्च्या प्रती मात्र त्याच्याच दुकानात काढायच्या असतात, आणि शाळेचं काम म्हटल्यावर तो पैसे घेत नाही, हे समितीला बरोबर ठाऊक असतं. तेव्हा तुम्ही गावातच राहत असाल तर निदान ‘ग्रामीण भागातील उद्योजक’ असं लिहून बघा. छापतील असं नाही, पण समितीची करमणूक होईल.

दहावीचे टक्के आपणहून सांगू नका. चांगले असतील तर ‘मग पुढे असं का झालं?’ हा प्रश्न येतो आणि वाईट असतील तर सर पुन्हा ओळख दाखवू लागतात. नववीत ज्यांच्या हातात शाळेने दाखला ठेवला होता, त्यांनी तर बिनधास्त यावं. त्यातला एखादा पुढे नगरसेवक किंवा बिल्डर झालेला असतोच, आणि ज्या हातावर पट्टी बसली त्याच हातात त्याच सरांकडून श्रीफळ पडतं. भाषणात त्याने ‘सरांच्या त्या एका छडीने मी घडलो’ म्हणायचं. सरांना छडी आठवत नसते, मुलगाही आठवत नसतो, पण डोळे पुसावे लागतात. फोटोग्राफर थांबलेला असतो.

मुलींचं प्रकरण थोडं अवघड आहे. शाळेच्या रजिस्टरात कुमारी म्हणून असलेली निम्मी बॅच समितीला सापडतच नाही. लग्नात आडनाव गेलं, मधलं नाव गेलं आणि काही घरांत ताटातल्या तांदळावर अंगठीनं नवं नाव लिहून पहिलं नावही गेलं. फेसबुकवर शोधायचं तरी कोणाला? तुम्ही त्यांतल्या एक असाल तर स्वतःच पुढे व्हा आणि कंसात ‘पूर्वाश्रमीची’ लिहा. हा शब्द एरवी संन्याशांसाठी वापरतात, इथेही चालून जातो. तुम्ही जिल्हा बँकेत तीस वर्षं नोकरी करून शाखाधिकारी म्हणून निवृत्त झाला असाल, तरी छापून येताना ‘यजमान इंजिनिअर, मुलगा कॅनडात’ एवढंच येईल. रागावू नका. संपादक मंडळात पाच पुरुष आणि आभारप्रदर्शनाला एक बाई असतात.

आता मातृभाषेबद्दल. एक परिच्छेद त्याला द्यावाच लागतो: मराठी माध्यमातून शिकल्यामुळेच मी आज इथवर आलो वगैरे. मनापासून लिहा. आपली मुलं कुठल्या शाळेत जातात हा तपशील तेवढा टाळा, शब्दमर्यादा आहेच. मंचामागे मुख्याध्यापक तुम्हाला हळूच बाजूला घेतील. त्यांना देणगी हवी आहे असा तुमचा समज होईल आणि तुम्ही खिशातल्या फोनला हात लावाल. त्यांना हवी असतात मुलं. संचमान्यतेत, म्हणजे पटावरून शिक्षकांची पदं ठरवणाऱ्या सरकारी हिशेबात, पट कमी दिसला की शिक्षक अतिरिक्त ठरतात, म्हणून मे महिन्याच्या उन्हात हेच शिक्षक गाड्या काढून वाड्यावस्त्यांवर मुलं गोळा करत फिरत असतात. ‘तुमच्या भाचरांपैकी कोणी?’ असं ते विचारतील. अशा वेळी एक वॉटर कूलर जाहीर करावा. तो मुलापेक्षा स्वस्त पडतो आणि त्यावर नावही येतं.

शाळेने तुम्हाला कसं वागवलं, हे लिहायचं नसतं. याबाबतीत साताऱ्याकडे बघा. ७ नोव्हेंबर १९०० रोजी तिथल्या सरकारी हायस्कुलात ‘भिवा रामजी आंबेडकर’ हे नाव दाखल झालं, त्या नोंदीचं रजिस्टर शाळेने जपून ठेवलंय आणि २०१७ पासून महाराष्ट्रात हा दिवस विद्यार्थी दिन म्हणून साजरा होतो. अभिमानाचीच गोष्ट आहे. पण वर्गात कोपऱ्यात वेगळं बसावं लागायचं, बसायचं गोणपाट रोज घरून आणून संध्याकाळी परत न्यावं लागायचं आणि शिपाई नसला की पाणीही मिळायचं नाही, हे कोणतीही शाळा स्मरणिकेत छापत नाही. ते त्या विद्यार्थ्याने स्वतःच लिहून ठेवलं. तुम्ही तेवढे मोठे होणार नसाल, तर ‘शाळेने भरभरून दिलं’ हे वाक्य पुरेसं आहे.

मोठं नाव मात्र प्रत्येक शाळेला एक लागतं, आणि ते तुमचं नाही, हे लवकर समजून घेतलेलं बरं. टिळकांनी शेंगा खाल्ल्या नाहीत म्हणून टरफलं उचलली नाहीत, ही गोष्ट खरी की रचलेली ते सोडा, पण पिढ्यान् पिढ्या आपण ती पाठ केली आणि शेंगा खाल्ल्या कोणी, हे एकाही मास्तरांनी विचारलं नाही. तीही कुठल्या तरी शाळेची माजी मुलंच की! त्यांनीही पुढे संसार केले असतील, कोणी मामलेदार कचेरीत लागला असेल. बहुसंख्येने आपण त्यांचे वारस आहोत.

किंवा फेब्रुवारी १९८८ घ्या. मुंबईत आझाद मैदानावर हॅरिस शील्ड या शालेय क्रिकेट स्पर्धेचा उपांत्य सामना, शारदाश्रम विरुद्ध सेंट झेवियर्स. सचिन तेंडुलकर नाबाद ३२६, विनोद कांबळी नाबाद ३४९, भागी अभेद्य ६६४. शाळेचं नाव जगभर गेलं. त्या सगळ्या वेळात पुढचा फलंदाज पॅड बांधून बाहेर बसला होता. त्याचं नाव अमोल मुझुमदार. पुढे रणजीच्या पहिल्याच सामन्यात त्याने २६० काढले, प्रथम श्रेणीत अकरा हजारांवर धावा केल्या आणि भारताकडून एकही सामना त्याला मिळाला नाही. २ नोव्हेंबर २०२५ रोजी नवी मुंबईत भारताच्या महिला संघाने विश्वचषक जिंकला तेव्हा तो त्यांचा प्रशिक्षक होता, आणि मग सगळ्यांना एकदम ती पॅड आठवली. म्हणजे पॅड बांधून बसलेल्याचीही बातमी होते. सदतीस वर्षं दम धरायचा, एवढंच. तुमच्या बॅचला किती झाली ते मोजा. आणि तो बसला होता तेव्हा निदान त्याचा नंबर तरी लागायचा होता. तुम्ही राखीव होतात की पाणी द्यायला होतात, हे एकदा आठवून बघा.

तर फोटो पाठवा, दहा वर्षांपूर्वीचा चालेल. माहिती तृतीयपुरुषी लिहा, म्हणजे दुसऱ्या कोणीतरी लिहिल्यासारखी दिसेल. ‘श्रद्धांजली’चं पान छपाईला जाण्याआधी एकदा नीट तपासून घ्या. आमच्या वेळी त्यात एकजण चुकून गेला होता आणि मेळाव्याला पहिल्या रांगेत बसला होता. त्याने शाल घेतली, तक्रार केली नाही. उलट म्हणाला, माझ्याबद्दल एवढं चांगलं पहिल्यांदाच छापून आलंय.

कार्यक्रम आठला संपतो. अमेरिकास्थितांना पुण्याहून रात्रीचं विमान असतं, उद्योजकांना पुढचा सत्कार असतो. मैदानात चारशे खुर्च्या उरतात. डेकोरेटरचा टेंपो साडेनऊला येतो आणि खुर्ची कमी भरली तर तो पैसे कापतो, म्हणून मोजून भराव्या लागतात. त्यासाठी शाळेजवळ राहणारी चार-पाच जणं लागतील. झेरॉक्सवाल्याला फोन करा, तो दुकान बंद करून येतो. त्याचा नंबर समितीत सगळ्यांकडे आहे.