भरलेली बाटली

गेल्या रविवारी माझा एक माजी विद्यार्थी भेटायला आला होता. काही महिन्यांपूर्वी तो त्याच्या गावचा सरपंच झाला आणि परवाच्या वाढदिवसाला एसटी स्टँडपासून त्याच्या घरापर्यंत 'कार्यसम्राट', 'विकासपुरुष' अशा बिरुदांचे फ्लेक्स लागले होते. मुलगा प्रामाणिक आणि कष्टाळू आहे. बोलता बोलता तो म्हणाला, "सर, गावात आता कोणाची काही तक्रारच उरलेली नाही." हे ऐकल्यापासून मी अस्वस्थ आहे, कारण मुख्याध्यापक असताना हेच वाक्य माझ्याही तोंडी असे.

स्तुतीला माझा विरोध नाही. थोडी वाढवून केलेल्या स्तुतीलाही नाही. नोकरीच्या सुरुवातीला माझ्या पाचवीच्या वर्गात एक मुलगा होता. त्याचे अक्षर इतके वाईट की वही तपासायची वेळ आली की तो ती दप्तरातून बाहेरच काढत नसे. एकदा त्याच्या वहीत मला एक 'ळ' बरा दिसला, दोन्ही बाजूंचे गोल अगदी सारखे. मी तो फळ्यावर काढून दाखवला आणि "असा ळ मलाही जमत नाही" असे सगळ्या वर्गासमोर सांगितले. ते काही खरे नव्हते. पण दुसऱ्या दिवसापासून तो स्वतःहून वही पुढे करू लागला आणि वर्ष संपेपर्यंत बाकीची अक्षरेही त्या 'ळ'च्या मागोमाग वळणावर आली. ज्याच्या हाती काहीच सत्ता नाही त्याचे अशा कौतुकाने काही बिघडत नाही, कारण कौतुक करणाऱ्याला त्याच्याकडून काही उकळायचे नसते. या बाबतीत आपण फार कंजूष आहोत, याचे मला वाईट वाटते. घरात चाळीस वर्षे रांधणाऱ्या बाईला "आमटी छान झाली" म्हणताना आपली जीभ अडखळते आणि साहेबांच्या साध्या फोटोखाली मात्र आपण विशेषणांची रास घालतो.

स्तुती खुर्चीच्या दिशेने चढू लागली की तिचा गुण पालटतो. मी मुख्याध्यापक झालो आणि शिक्षकांच्या बैठकीत प्रत्येक विषयाची सुरुवात "सरांच्या मार्गदर्शनामुळे" अशी होऊ लागली. ते मला आवडत होते, हे मी आज कबूल करतो. एका नव्या शिक्षिकेने मुलींच्या स्वच्छतागृहाचा विषय काढला, तेव्हा शेजारचे ज्येष्ठ सहकारी लगेच म्हणाले, "सरांचे सगळीकडे लक्ष असते, बाई." सगळ्यांनी माना डोलावल्या, मीही डोलावली आणि आम्ही पुढच्या विषयाकडे वळलो. त्यानंतर तीन महिन्यांनी पालकसभेत एका आईने पिशवीतून पाण्याची बाटली काढून माझ्या टेबलावर ठेवली. बाटली काठोकाठ भरलेली होती. "सर, ही रोज अशीच घरी येते. पोरगी शाळेत पाणीच पीत नाही, कारण मुलींच्या स्वच्छतागृहातल्या नळाला दिवाळीपासून पाणी नाही आणि तिथे जायची वेळ येऊ नये म्हणून ती तहान मारते." शिपायाला ते माहीत होते, वर्गशिक्षकांना माहीत होते, आठवी-नववीच्या प्रत्येक मुलीला माहीत होते. ज्याच्या सहीने नळ दुरुस्त झाला असता, त्या एकट्यालाच ते माहीत नव्हते. माझ्याशी गोड बोलणारे लोक वाईट नव्हते. त्यांना मला दुखवायचे नव्हते, आणि त्याची किंमत त्या मुली मोजत होत्या.

देशाच्या पातळीवरही हे माझ्या पिढीने पाहिले आहे. जवाहरलाल नेहरूंनी नोव्हेंबर १९३७ मध्ये 'मॉडर्न रिव्ह्यू' या मासिकात 'चाणक्य' या टोपणनावाने स्वतःविरुद्धच लेख लिहिला आणि लोकांच्या जयजयकारातून या माणसाचा हुकूमशहा होऊ शकतो, असे बजावले. पुढे त्यांच्याच कन्येच्या काळात काँग्रेसचे अध्यक्ष देवकांत बारुआ 'इंदिरा म्हणजे भारत आणि भारत म्हणजे इंदिरा' असे म्हणाले. जून १९७५ मध्ये आणीबाणी लागू झाली, वर्तमानपत्रांवर सेन्सॉर बसला आणि मनाविरुद्धची गोष्ट वर पोहोचण्याच्या वाटा बुजल्या. मार्च १९७७ मध्ये खुद्द रायबरेलीच्या मतदारांनी इंदिराजींचा पराभव केला.

त्याच काळात, डिसेंबर १९७५ मध्ये, कराडला साहित्य संमेलन झाले. दुर्गा भागवत अध्यक्ष होत्या आणि केंद्रीय मंत्री असलेले यशवंतराव चव्हाण स्वागताध्यक्ष होते. त्या वातावरणात दुर्गाबाईंनी आजारी जयप्रकाश नारायण यांच्यासाठी प्रार्थना करायला लावली आणि आणीबाणीविरुद्धची आपली भूमिका लपवली नाही. पुढे त्यांना अटकही झाली. मला नेहमी वाटते की यशवंतरावांचा त्या दिवशी सर्वांत जास्त मान दुर्गाबाईंनीच राखला. हा माणूस हे ऐकून घेण्याइतका मोठा आहे, असे त्यांनी धरून चालले.

मी माझ्या विद्यार्थ्याला बाटलीची गोष्ट सांगितली. तो बराच वेळ काही बोलला नाही. निघताना चपला घालता घालता त्याने विचारले, "सर, त्या बैठकीतल्या बाईंनी नंतर पुन्हा कधी काही सांगितले का?" पालकसभेनंतर मी त्यांची माफी मागितली होती आणि दर शनिवारी शाळेत काय चुकते आहे ते मला सांगा, अशी विनंतीही केली होती. पहिले चार शनिवार त्या "सगळे ठीक आहे" एवढेच म्हणाल्या.