हेजाझीचे आठ गोल नीट मोजा

फुटबॉलवाल्यांच्या ग्रुपांत एक मजकूर फिरतोय: इराणचा गोलकीपर नासर हेजाझी हे फुगवलेलं नाव आहे. वर्ल्डकपच्या तीन मॅचमध्ये आठ गोल खाल्ले, तिशीत टीमबाहेर गेला आणि कोच म्हणून कुठे जमलं नाही तेव्हा बांगलादेशात जाऊन बसला. आकडे बहुतेक बरोबर आहेत. अर्थ लावताना मात्र गडबड झालीय.

आधी ते आठ गोल. 1978 चा वर्ल्डकप, अर्जेंटिनात. नेदरलँड्सविरुद्ध तीन, तिन्ही रेन्सेनब्रिंकचे, त्यातल्या दोन पेनल्टी. पेरूविरुद्ध चार, त्यात क्युबिलासच्या तीन मिनिटांच्या अंतरानं दोन पेनल्टी. स्कॉटलंडविरुद्धचा एकमेव गोल तर इराणच्याच एस्कंदरियाननं आपल्या जाळ्यात मारलेला, आणि ती मॅच इराणनं 1-1 अशी बरोबरीत सोडवली. म्हणजे चार पेनल्टी, एक सेल्फ गोल. खुल्या खेळातले उरले तीन. पेनल्टी अडवायला हवी होती म्हणणाऱ्यानं एकदा अकरा मीटरवर उभं राहून बघावं.

'तिशीत बाहेर' हेही अर्धवट. 1980 च्या आशियाई चषकात तो खेळत होता, इराण तिसरा आला. पण 1979 च्या इस्लामी क्रांतीनंतर क्रीडाखात्यानं नियम काढला, की सत्ताविशीच्या पुढचा खेळाडू राष्ट्रीय संघात नको. गोलकीपर तिशीत कुठे पिकायला लागतो, आणि यांनी तेव्हाच फळ तोडलं! क्रांतीनं त्याच्या क्लबचंही नाव बदललं: 'ताज'चा 'इस्तेघलाल' झाला, म्हणजे स्वातंत्र्य. खेळाडूंना मात्र ते फारसं मिळालं नाही.

बांगलादेशबद्दल नाक मुरडणाऱ्यांना ऐंशीच्या दशकातलं ढाक्याचं फुटबॉल माहीत नसावं. मोहामेडान आणि अबाहानी या तिथल्या दोन क्लबांच्या मॅचला अख्खं शहर दोन झेंड्यांत वाटलं जायचं. हेजाझी तिथल्या मोहामेडानचा कोच झाला आणि 1988 साली आशियाई क्लब स्पर्धेत त्याच्या टीमनं हरवलं कुणाला, तर तेहरानच्या पर्सेपोलिसला, म्हणजे इस्तेघलालच्या कट्टर प्रतिस्पर्ध्याला. इस्तेघलालच्या माणसाला याहून गोड मॅच कुठली मिळणार?

'कुठे जमलं नाही' या वाक्याला तर उत्तर द्यायचीही गरज नव्हती. 1997-98 ची इराणी लीग इस्तेघलालनं त्याच्याच हाताखाली जिंकली. पुढच्या वर्षी तो संघ आशियाई क्लब स्पर्धेच्या फायनलला पोचला. आझादी स्टेडियम, लाखावर लोक, समोर जपानचा जुबिलो इवाता. 2-1 नं हरले. घरच्या मैदानावरची हार ती, बोचणारच.

2007 साली इस्तेघलालनं त्याला पुन्हा बोलावलं आणि काही महिन्यांतच घालवलं. टीकाच करायची असेल तर तिथून सुरुवात करा, निदान बोलायला काहीतरी असेल.