पिशवी अर्धा तास तरंगवली, म्हणजे मासा सुरक्षित झाला?

खाऱ्या पाण्यातले मासे पाळणाऱ्यांमध्ये सध्या एक मेसेज फिरतोय. नेरूळ-सीवूड्समधल्या तीन ओळखीच्यांनी तो गेल्या महिन्यात मला पाठवला. मजकूर थोडक्यात असा: नवा मासा आणला की पिशवी अर्धा तास टाकीत तरंगू द्या, मग पाण्यासकट आत सोडा, त्या पाण्यातून चांगले जिवाणू मिळतात. दुकानात आठवडाभर जगलेला मासा निरोगीच असतो, वेगळा ठेवायची गरज नाही. अंगावर पांढरे ठिपके आलेच तर हीटर ३२ अंशांवर न्या. आणि नवी मुंबईकरांनी मिठावर पैसे घालवू नयेत, खाडीचं पाणी फुकट आहे. खाली कुणीतरी जोडलंय: जास्त काळजी असेल तर टाकीचं पाणी पिशवीत तीन-चार तास थेंब थेंब सोडा.

यातली तरंगवण्याची गोष्ट अर्धी खरी आहे. बाकीच्या सल्ल्यांनी मासे मरतात, आणि त्यातल्या एका सल्ल्याने माझे मेले आहेत.

पिशवी तरंगवल्याने तापमान जुळतं. त्याला १५-२० मिनिटं पुरतात. पण प्लास्टिकमधून उष्णता आरपार जाते, मीठ जात नाही. मीठ वाचावं आणि परजीवी दबून राहावेत म्हणून बरीच दुकानं पाणी कमी खारट ठेवतात, विशिष्ट घनतेच्या मापात १.०१८ ते १.०२० च्या आसपास (आकडा जास्त, तेवढं पाणी जास्त खारट). घरची टाकी असते १.०२५ वर. समुद्री माशाच्या अंगातलं पाणी बाहेरच्या खारट पाण्याकडे सतत ओढलं जातं. ते भरून काढायला तो पाणी पितो आणि जास्तीचं मीठ मुख्यतः कल्ल्यांतून बाहेर टाकतो. एकदम जास्त खारट पाण्यात पडला की हा ताळमेळ सुटतो. मासा त्या दिवशी पोहतो, कधी खातोही, आणि दोन-तीन दिवसांनी मेलेला सापडतो. म्हणून रिफ्रॅक्टोमीटरने, म्हणजे खारेपणा मोजायच्या उपकरणाने, पिशवीतलं पाणी मोजल्याशिवाय मासा सोडू नका.

मग चार तास ठिबक लावावं का? पिशवी बंद असताना माशाच्या श्वासाने कार्बन डायऑक्साइड साठतो, पाण्याचा पीएच उतरतो. त्यामुळे विष्ठेतून आणि कल्ल्यांतून आलेला अमोनिया फारशा विषारी नसलेल्या अमोनियमच्या रूपात राहतो. पिशवी उघडली की वायू उडतो, पीएच चढतो आणि तोच अमोनिया विषारी होतो. क्रॉफर्ड मार्केटहून हार्बर लोकलने दीड तासात आणलेल्या पिशवीत तो फारसा साठलेला नसतो. रात्रभर बॉक्समध्ये प्रवास करून आलेल्या माशाला मात्र त्या पाण्यात चार तास ठेवणं म्हणजे छळ आहे. यापेक्षा सोपा मार्ग: दुकानदाराला आदल्या दिवशी खारेपणा विचारा आणि वेगळ्या टबातलं पाणी त्याला जुळवून ठेवा. तापमान जुळलं की मासा लगेच त्यात. मग रोज थोडं थोडं करत आठवडाभरात १.०२५ वर आणा.

पिशवीतलं पाणी टाकीत ओतू नका, एक कपसुद्धा नाही. उपयोगी जिवाणू दगडावर, वाळूवर, फिल्टरच्या स्पंजवर राहतात. पिशवीतल्या पाण्यात ते नावापुरतेच असतात. त्या पाण्यात परजीवी असू शकतात, किंवा दुकानाने परजीवींवर औषध म्हणून वापरलेलं तांबं. तांब्याने कोळंबी आणि गोगलगायी मरतात.

आता मुख्य मुद्दा, मासा वेगळा ठेवण्याचा. समुद्री माशांवरचे पांढरे ठिपके क्रिप्टोकॅरियॉन नावाच्या परजीवीमुळे येतात. माशाच्या अंगावर तो साधारण ३ ते ७ दिवस असतो, मग गळून पडतो आणि वाळूत, दगडावर कवच करून बसतो. ठिपके गेले की लोक म्हणतात, बरा झाला. पण त्या एका कवचातून दोनशेपर्यंत नवी पिल्लं बाहेर पडू शकतात. कधी चार दिवसांनी, कधी चार आठवड्यांनी, आणि क्वचित ७२ दिवसांनीही. सुरुवातीला परजीवी फक्त कल्ल्यांत असेल तर बाहेरून काही दिसतच नाही. दुकानातलं तांबं त्याला दाबून ठेवतं. त्यामुळे ‘आठवडाभर जगला’ याला काडीचाही अर्थ नाही.

मी हे शिकलो ते ब्लू टँग आणून थेट टाकीत सोडल्यावर. दिसायला सुरेख होता, दुकानात खातही होता. पाचव्या दिवशी ठिपके आले. दोन आठवड्यांत टँग गेला आणि आमची क्लाउनफिशची जोडीही गेली. चार वर्षं आईच्या बोटांतून खाणारी जोडी होती ती. त्यानंतर ७६ दिवस टाकीत एकही मासा ठेवला नाही, कारण अंगावर जगायला मासा न मिळता परजीवी मरण्याची खात्री तेवढ्या काळातच मिळते.

वेगळ्या टाकीला खर्च फार नाही. ५०-६० लिटरचा टब, हीटर, लपायला पीव्हीसीचे एल्बो. तळाला वाळू नको, दगड नको. स्पंज फिल्टर तीन-चार आठवडे आधी मुख्य टाकीच्या संपमध्ये (पाणी गाळायच्या जोडटाकीत) टाकून ठेवा, म्हणजे त्यावर जिवाणू धरतात. अमोनिया रोज मोजा. जाळी आणि बादली वेगळी. मासा किमान चार आठवडे तिथेच. तांब्याचा उपचार करायचा तर टेस्ट किटने मोजूनच.

हीटर ३२ वर नेण्याचा सल्ला गोड्या पाण्यातल्या ठिपक्यांचा आहे. तो परजीवी वेगळा. समुद्री परजीवीला ही गरमी मारत नाही, उलट पाण्यातला ऑक्सिजन कमी होतो आणि कल्ले आधीच खराब झालेला मासा गुदमरतो. मे महिन्यात आपल्याकडे चिलर नसेल तर पाणी तसंही ३० वर जातं. तेवढ्याने कुणाचे ठिपके गेलेत का?

खाडीच्या पाण्याबद्दल एवढंच. ठाणे खाडीत शहरांचं सांडपाणी आणि ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कारखान्यांचं पाणी येतं, आणि पावसाळ्यात तिचा खारेपणा पार कोसळतो. फ्लेमिंगो तिथे राहतात, म्हणून क्लाउनफिश राहील असं नाही. आरओचं पाणी आणि मत्स्यालयाचं मीठच घ्या.

आमच्या टबात सध्या एक फायरफिश आहे, आज एकोणिसावा दिवस. हा मासा घाबरला की उडी मारतो, म्हणून वर बारीक जाळीचं झाकण लावलंय. काल संध्याकाळी त्याने पहिल्यांदा आईच्या बोटाजवळ येऊन मायसिस (कोळंबीसारखे बारीक जीव) खाल्लं.