थंड धूर

स्मोक्ड सॅल्मनला रवा लावत नाहीत. मालवणात हे लेखी देऊन ठेवावं लागेल असं वाटलं नव्हतं, पण कालपासून वाटू लागलंय.

मुंबईचे पाहुणे येणार होते आणि या उकाड्यात गॅसपुढे उभं राहायचं नव्हतं. कृती सोपी. अर्धा किलो दही फडक्यात बांधून रात्रभर फ्रिजमध्येच टांगायचं. बाहेर खुंटीला टांगलं तर सकाळपर्यंत आंबट ढाण. त्या चक्क्यात बारीक चिरलेला शेपू, मिरपूड, लिंबाची किसलेली साल. रस नाही; रसाने चक्का सैल होतो आणि माशाला लागला तर मासा पांढरा पडतो. मीठ चिमूटभरही नको, मासा मुळातच खारवलेला. क्रॅकर बिस्किटांच्या नादी लागू नये, इथल्या हवेत बघता बघता सादळतात. त्यापेक्षा काकडीच्या अर्धा सेंटिमीटर जाड चकत्या कराव्यात आणि दोन्ही बाजूंनी टिपून कोरड्या कराव्यात, नाहीतर चक्का माशासकट घसरून ताटलीत उतरतो. चकतीवर चक्का, त्यावर सॅल्मनचा काप; 100 ग्रॅमच्या पाकिटात वीसेक चकत्या सजतात. पाकीट आदल्या रात्री फ्रीझरमधून खालच्या कप्प्यात आणायचं, रचायचं मात्र पाहुणे दारात आल्यावर. आणि एवढ्या उकाड्यात ताटली तासाभराच्या वर बाहेर ठेवायची नाही.

चकत्या टिपत होते, तोच मागच्या दाराने शेजारचे आबा आत आले.

"ह्या काय गो? गाजराचो हलवो?"

"मासा आहे आबा. सॅल्मन. नॉर्वेचा."

"मगे रंग कित्याक लावलस?"

रंग मी लावलेला नाही, म्हटलं. समुद्रातला सॅल्मन कोळंबीच्या जातीचे बारीक जीव खातो, त्यांचा लाल रंग त्याच्या मांसात उतरतो. पाळलेल्याला तोच रंग खाद्यातून देतात.

आबांनी चष्मा वर केला. "आमची सुरमय पण सुंगटां खाता. ती कशी लाल होवक नाय?"

मी काकडीकडे वळले.

"आणि कच्चो मासो घालतलस लोकांका?"

"कच्चा नाही हो. मीठ लावून मुरवतात, मग थंड धुरावर धरतात. 30 अंशांच्या आत."

"थंड धूर?" आबा बराच वेळ गप्प. "आमच्या परड्यात पाचोळो जळता, थय हात धरून बघ थंड आसा काय."

धूर दुसरीकडे करून नळीतून आणतात, हे मी सांगितलं. त्यांनी ते ऐकून घेतलं, म्हणजे कान माझ्याकडे होता.

"म्हणजे खारो मासो. मगे खारो बांगडो आमी भाजूनच खातंव मां?"

तर्कात खोट सापडेना, याचीच जास्त चीड आली. मी साडी बदलायला गेले. परत येते तो तव्यावर चर्र आवाज, रव्याचा डबा उघडा, आणि आबांच्या हातात माझाच उलथना. त्या कागदासारख्या पातळ कापांना अर्धा मिनिट पुरतं. रंग फिका पडतो, पाणी उडतं, मीठ मात्र जाग्यावर राहतं. त्या पाकिटाच्या पैशांत बंदरावर सुरमईच्या बऱ्यापैकी तुकड्या आल्या असत्या, पण ते कुणाला सांगायचं? घाम गाळला नाही म्हणजे बाईने काही केलंच नाही, हा आपल्याकडचा हिशेब. रात्रभर दही कुणी टांगलं, कुणी विचारत नाही. तवा दिसला की लगेच, "वा, स्वयंपाक!"

पाहुण्यांनी रवा फ्राय सॅल्मन संपवला. चक्का लावलेल्या काकड्या कोशिंबीर समजून बाजूला सारल्या. एकाने हळूच पाणी मागितलं, मग दुसऱ्याने.

"मीठ जरा जास्त पडला," आबा माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले. "शिकतली हळूहळू."