‘व्यवस्था पाप करत नाही’ म्हणणाऱ्यांना

‘पाप माणूस करतो, व्यवस्था नाही. सामाजिक पाप हे १९६० नंतर मार्क्सवाद्यांनी चर्चमध्ये घुसवलेलं खूळ आहे. बायबलमधल्या यहेज्केल संदेष्ट्याचा १८वा अध्याय वाचा. दोष समाजावर ढकलला की माणूस सुटतो.’ हा मजकूर सध्या आपल्या ख्रिस्ती मंडळ्यांच्या (चर्चच्या) ग्रुपवर फिरतोय, खाली ‘आमेन’ची रांग.

आधी मार्क्स. आमोस संदेष्टा ख्रिस्तपूर्व आठव्या शतकातला, मेंढपाळ. धान्याचं माप लहान आणि चांदी तोलायचं वजन मोठं करणाऱ्या व्यापाऱ्यांना तो झोडपतो. यशया दहाव्या अध्यायात अन्यायाचे कायदे लिहिणाऱ्यांचा धिक्कार करतो. बायबलच्या लेवीय पुस्तकाच्या ४थ्या अध्यायात तर अख्ख्या मंडळीच्या हातून नकळत पाप घडलं तर गोऱ्हा अर्पावा, असा वेगळा नियमच आहे. आणि १९८७च्या पत्रात ‘पापाच्या रचनां’विषयी लिहिणारे पोप जॉन पॉल दुसरे पोलंडचे, तिथल्या कम्युनिस्ट राजवटीचे विरोधक. त्यांना मार्क्सवादी ठरवायचं असेल तर कठीण आहे.

यहेज्केल. मुलगा बापाच्या पापाची शिक्षा भोगणार नाही, हे तिथं आहेच. त्यावर वाद नाही. पण त्याच अध्यायात नीतिमान कोण? व्याज न खाणारा, गहाण परत करणारा. पुढे २२व्या अध्यायात हाच संदेष्टा याजक, सरदार, सामान्य लोक अशी सगळ्यांची हजेरी घेतो आणि पुरं यरुशलेम दोषी ठरवतो.

राहिला ‘माणूस सुटतो’ हा मुद्दा, आणि खरी गफलत इथे आहे. दक्षिण आफ्रिकेतल्या डच रिफॉर्म्ड चर्चचंच बघा. १८५७ साली तिथल्या केप प्रांताच्या सिनॉडने (चर्चच्या निर्णय घेणाऱ्या सभेने) ठरवलं की नव्या गोरेतर विश्वासणाऱ्यांना आहे त्याच मंडळीत घेणं शास्त्राला धरून आहे. मात्र ‘काहींच्या दुर्बलते’मुळे अडचण होत असेल तर त्यांची उपासना वेगळ्या इमारतीत चालेल. काहींची दुर्बलता म्हणजे गोऱ्यांना शेजारी बसायचं नव्हतं! तेवढ्या सवलतीतून १८८१ साली गोरेतरांसाठी वेगळं मिशन चर्च उभं राहिलं, आणि पुढे वर्णभेदाच्या राजवटीला शास्त्राधारही याच डच रिफॉर्म्ड चर्चने पुरवला. १९५० साली त्या चर्चमध्ये जन्मलेल्या गोऱ्या पोराने काही ठरवलं नव्हतं, पण बाक मात्र त्याला राखीव मिळाला.

मग तो सुटला का? १९९० साली रुस्टेनबर्ग इथल्या चर्चच्या परिषदेत त्याच चर्चचे ईश्वरविज्ञानी विली योंकर उभे राहिले. त्यांनी आधी स्वतःचं पाप कबूल केलं, मग आपल्या चर्चच्या वतीनेही. वर्णभेदाविरुद्ध लढणारे कृष्णवर्णीय आर्चबिशप डेस्मंड टुटू यांनी ती कबुली स्वीकारली. पोपचं १९८७चं पत्रही हेच सांगतं: या रचनांची मुळं माणसांच्या वैयक्तिक पापातच असतात. म्हणजे व्यवस्थेचं पाप मानल्याने माणसाचा हिशेब कमी होत नाही, उलट त्यात भर पडते: मी काय केलं, आणि जे आयतं मिळालं ते निमूट का घेतलं?

‘हे सगळं परदेशातलं’ असंही कुणी म्हणेल. भारतातल्या कॅथलिक बिशपांनी २०१६ साली जातिभेदाला गंभीर सामाजिक पाप म्हटलं. तमिळनाडूत काही ठिकाणी दलित ख्रिस्ती माणसाला कबरसुद्धा वेगळी मिळते. ही पद्धत कुणा एकाची नाही. पण दर अंत्यविधीला ती चालू ठेवणारा पाळक आणि पंच असतात, आणि त्यांना नावं आहेत.