सरकारी नेटवर्क अद्ययावत करताय? आधी हे वाचा

सगळ्यात आधी अभिनंदन. सगळ्या खात्यांचं मिळून जे एक नेटवर्क आहे ते 'आधुनिक' करायचं काम तुमच्या गळ्यात पडलंय, म्हणजे एकतर वर कोणाचा तरी तुमच्यावर फार विश्वास आहे नाहीतर कोणीतरी जुना राग काढलाय. काहीही असो, नेटवर्क चाललं तर ते प्रत्येक खात्याचं आणि बंद पडलं तर एकट्या तुमचं, एवढं डोक्यात फिट करून कामाला लागा.

पहिलं म्हणजे, काय काय जोडलेलं आहे याची यादी चुकूनही करायला घेऊ नका. यादी करायला गेलात की जिन्याखालच्या कपाटात एक स्विच (नेटवर्कच्या केबल जोडायचा डबा) सापडतो, पंखा घरघरतोय, वर बोटभर धूळ, आणि पांढऱ्या टेपवर स्केचपेनने लिहिलेलं असतं 'बंद करू नये'. कोणी लिहिलं? माहीत नाही. का लिहिलं? ज्यांना माहीत होतं ते रिटायर झाले. तुम्ही हिंमत करून केबल काढता, पाच मिनिटं काहीच होत नाही, तुम्ही खूष, आणि अर्ध्या तासाने भलत्याच खात्यातून फोन येतो की पगाराची बिलं अडकलीत. मग केबल गुपचूप परत लावा, आणि नव्या ड्रॉइंगमध्ये तिथे एक करड्या रंगाचा चौकोन काढून आत 'लेगसी झोन' (म्हणजे जुनं सामान) असं लिहा. झालं आधुनिकीकरण. चौकोनात काय आहे असं आजवर कुठल्या मीटिंगमध्ये कोणी विचारलेलं नाही.

आता पत्त्यांचा, म्हणजे नेटवर्कवरचं प्रत्येक यंत्र ज्या आयपी नंबरावरून ओळखतात त्यांचा, घोळ. प्रत्येक खात्याने आपापलं नेटवर्क स्वतंत्र उभं केलं तेव्हा प्रत्येकाने १९२.१६८.१ पासूनच सुरुवात केली, कारण राउटर खोक्यातून तसाच निघतो. आता सगळे एकत्र जोडले की एकाच पत्त्यावर इथे प्रिंटर, तिथे सर्व्हर आणि तिसरीकडे साहेबांचा लॅपटॉप. खरा उपाय म्हणजे सगळ्यांना नवीन नंबर देणे, पण तो करायचा नाही, कारण कुठल्यातरी जुन्या अ‍ॅप्लिकेशनमध्ये सर्व्हरचा आयपी थेट कोडमध्ये लिहिलेला असतो आणि ते बनवणाऱ्या कंपनीचा फोन कधीचाच बंद झालेला असतो. त्यापेक्षा नॅट टाका, म्हणजे आतल्या सगळ्यांचा बाहेर एकच पत्ता दाखवायची सोय. पुरेना? नॅटवर अजून एक नॅट टाका. याचा एक फायदा कोणी सांगत नाही, उद्या कोणी घुसखोरी केली की लॉगमध्ये अख्खं खातं एकाच पत्त्यावरून आलेलं दिसतं आणि चौकशी पाच मिनिटांत संपते.

कोणी आगाऊ ज्युनिअर विचारेलच, सर आयपीव्ही६ वर, म्हणजे भरपूर पत्ते असलेल्या नव्या पद्धतीवर, का जात नाही? त्याला अमेरिकेची गोष्ट सांगा. २००५ मध्ये तिथल्या सरकारने खात्यांना सांगितलं की जून २००८ पर्यंत तुमचं मुख्य नेटवर्क आयपीव्ही६ साठी तयार पाहिजे. तयार म्हणजे काय, तर असा ट्रॅफिक जाऊ शकतो एवढं दाखवायचं, वापरायची सक्ती नाही (हा मसुदा ज्याने लिहिला त्याला साष्टांग नमस्कार). फेब्रुवारी २०११ मध्ये जगाच्या मध्यवर्ती साठ्यातले जुन्या पद्धतीचे पत्ते संपले तरी कोणाचं काही अडलं नाही, आणि २०२० मध्ये नवीन आदेश निघाला, २०२५ च्या आर्थिक वर्षाअखेर ८० टक्के उपकरणं फक्त आयपीव्ही६ वर आणा. डेडलाइन ही अशी वापरायची असते राव.

उशिराची तर अजिबात भीती बाळगू नका. त्याच सरकारने जुन्या टेलिकॉम कंत्राटावरून नेटवर्क्स नावाच्या नव्या कंत्राटावर जायचं ठरवलं होतं, ते ठरल्यापेक्षा ३३ महिने उशिरा झालं आणि तोवर हातची जी बचत गेली ती त्यांच्याच ऑडिटरांनी ३२.९ कोटी डॉलर मोजली. तुमचं घोंगडं सहा महिने भिजत पडलं तर त्याला 'टप्प्याटप्प्याने अंमलबजावणी' म्हणतात, अहवालात छान दिसतं.

सिक्युरिटीसाठी 'झिरो ट्रस्ट' (म्हणजे आतल्या-बाहेरच्या कोणावरच आंधळा विश्वास नाही) लिहिलेलं काहीतरी विकत घ्या. काय ते नंतर बघू. फक्त फायरवॉलमध्ये, म्हणजे काय आत-बाहेर जाऊ द्यायचं ते ठरवणाऱ्या पहारेकऱ्यात, कोणीतरी रात्री घाईत टाकलेला 'कोणीही, कुठूनही, काहीही, परवानगी' हा नियम काढू नका, त्याच्यापुढे 'तात्पुरता' असं लिहिलंय आणि सरकारी कामात त्याहून कायमचं काही नसतं. स्विचवर देखरेख ठेवायला जो गुप्त शब्द लागतो तो अजून कारखान्यातून आलेला 'पब्लिक' हाच आहे, तोही राहू दे, शेवटी आपण पब्लिकसाठीच काम करतो. आणि जुन्या विंडोजची काळजी नको, एक्सपीचा सपोर्ट एप्रिल २०१४ मध्ये संपला तेव्हा ब्रिटनच्या सरकारने ५५ लाख पौंड भरून अजून एक वर्ष विकत घेतलंच की, म्हणजे आयत्या वेळी पैसे मोजायची सोय असते.

सगळ्यांचा डेटा एका इमारतीत आणाच, फोटो चांगला येतो. बॅकअपचा विषय कोणी काढला तर 'डेटा फार मोठा आहे' असं शांतपणे सांगा. दक्षिण कोरियात हेच कारण होतं. सप्टेंबर २०२५ मध्ये देजॉनच्या सरकारी डेटा सेंटरमध्ये लिथियम बॅटऱ्या हलवताना आग लागली, ७०९ यंत्रणा बंद पडल्या, आणि सरकारी कर्मचाऱ्यांच्या फाइल ज्या ड्राइव्हवर होत्या त्यातला ८५८ टेराबाइट डेटा कायमचा गेला, कारण एवढ्या मोठ्या साठ्याची बाहेर कुठे प्रतच नव्हती. एवढ्या प्रगत देशात असं होतं म्हटल्यावर आपल्याला कोण काय बोलणार?

बदलीची ऑर्डर आली की जुनंच ड्रॉइंग तारीख बदलून नव्या साहेबांच्या हातात द्या, त्यांना करडा चौकोन बोट ठेवून दाखवा आणि हे सगळं स्टेबल आहे म्हणा. पासवर्डची वही मात्र सोबत घेऊन जा, महिन्याभरात तुम्हालाच कन्सल्टंट म्हणून बोलावतील.