छपरावरचा अँटेना नसलेली रेंज आणत नाही

गावागावांतल्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर एक मेसेज फिरतो आहे. त्याचा आशय असा: सिमवर चालणाऱ्या राउटरच्या मागची काडी काढा, तिथे २४ डीबीआयचा अँटेना जोडा आणि छपरावर चढवा. वायर कितीही लांब चालते, जुन्या डिशची थाळीही चालते. टॉवर डोंगरापलीकडे असला तरी स्पीड दहापट होतो आणि पावसात नेट जात नाही. एवढे करून जमले नाहीच, तर बूस्टर घ्या.

गोव्यातल्या सत्तरी, सांगे, काणकोण या तालुक्यांत असा मेसेज मोठ्या आशेने वाचला जातो. २०२० च्या टाळेबंदीत इथली मुले ऑनलाइन वर्गासाठी डोंगर चढत होती. त्याच घरांनी आता चुकीच्या सामानावर हजारो रुपये घालवावेत, हे बघवत नाही. बाहेरचा अँटेना खरोखर उपयोगी पडतो, पण तो या मेसेजमध्ये सांगितलेल्या रीतीने नव्हे.

सुरुवात त्या काडीपासून. घरगुती राउटरवर दिसणाऱ्या काड्या पुष्कळदा वायफायच्या असतात, म्हणजे राउटर आणि तुमचा फोन यांच्यातल्या. टॉवरशी बोलणारे अँटेना आतच बसवलेले असतात. त्यामुळे काडी काढून बाहेरचा अँटेना जोडला तर टॉवरकडून येणारी रेंज तसूभरही वाढत नाही, उलट घरातला वायफाय बिघडतो. टॉवरच्या अँटेनासाठी वेगळी सॉकेट लागतात. ती मागे, कधी झाकणाखाली असतात, आणि कित्येक राउटरांना नसतातच. सहसा टॉवरच्या अँटेनाला एसएमए आणि वायफायला आरपी-एसएमए कनेक्टर असतो. दोघांचे आटे एकमेकांत बसतात, पण मधली पिन जुळत नाही. हाताला घट्ट बसल्यासारखे वाटते आणि आत संपर्कच नसतो. विकत घेण्याआधी सॉकेटच्या मध्यभागी पिन आहे की भोक, हे नीट पाहून घ्यावे.

आता २४ डीबीआय. अँटेना स्वतः शक्ती निर्माण करत नाही. सगळ्या दिशांना पसरणारी पकड तो एका दिशेला गोळा करतो, आणि डीबीआय हे त्याचे माप. आकडा जितका मोठा, तितका झोत अरुंद. खऱ्या २४ डीबीआयसाठी मोबाइलच्या २३०० मेगाहर्ट्झसारख्या फ्रिक्वेन्सीवर जवळपास मीटरभर रुंदीची जाळी लागते आणि ती काही अंशांच्या अचूकतेने टॉवरकडे रोखावी लागते. वीतभर लांबीच्या, तळाला चुंबक असलेल्या काडीवर २४ छापलेले असेल तर तो आकडा खोटा आहे. घरासाठी ९ ते ११ डीबीआयचा, रुंद पट्ट्यावर चालणारा लॉग-पिरिऑडिक अँटेना (लहान-मोठ्या काड्या ओळीने लावलेला) पुरेसा होतो.

पुरेसा म्हणजे दोन. फोरजीमध्ये टॉवर एकाच वेळी माहितीचे किमान दोन प्रवाह पाठवू शकतो, आणि ते वेगवेगळे पकडायला राउटरला दोन अँटेना लागतात. एकच जोडला आणि दुसरे सॉकेट मोकळे राहिले, तर रेंजच्या कांड्या वाढतात आणि स्पीड जागच्या जागी राहतो, कधी कमीही होतो. ‘अँटेना लावला, फुल रेंज आहे, तरी नेट चालत नाही’ या तक्रारीमागे मला हे कारण सर्वांत जास्त वेळा दिसते. टॉवरच्या लहरी सहसा डावीकडे आणि उजवीकडे ४५ अंश कललेल्या असतात, म्हणून दोन्ही अँटेना तसेच विरुद्ध बाजूंना कलते, एकमेकांशी काटकोन करून लावावेत. दोन्ही एकाच पेटीत असलेला तयार अँटेनाही मिळतो.

‘वायर कितीही लांब चालते’ हे या मेसेजमधले सर्वांत महागात पडणारे वाक्य. बाजारात मिळणारी बारीक काळी आरजी-५८ केबल २३०० मेगाहर्ट्झला दर मीटरमागे साधारण १ डेसिबल खाते. कौलांवरून ओसरीपर्यंत १५ मीटर झाले की १५ डेसिबल गेले. दर ३ डेसिबलला सिग्नल निम्मा होतो, तेव्हा ११ डीबीआयच्या अँटेनाने कमावलेले सगळे केबलने गिळले आणि वर थोडे जास्तच घेतले. जाड एलएमआर-४०० केबलमध्ये तेवढ्याच अंतरात तीन-साडेतीन डेसिबल जातात, पण ती महाग असते आणि वळवायला कठीण. मला विचाराल तर केबल लांबवूच नये. राउटर अँटेनाजवळ, माळ्यावर किंवा वळचणीखाली ठेवावा आणि तिथून खाली नेटवर्कची लॅन केबल आणावी. ती १०० मीटरपर्यंत चालते. मोडेम आणि अँटेना एकाच बंद पेटीत असलेले, छपरावर लावायचे राउटर याच तत्त्वावर बनतात. त्यांना वीजही त्याच केबलमधून देता येते.

डिशच्या थाळीबद्दल फार लिहायला नको. तिच्या तोंडाशी असलेली एलएनबी, म्हणजे सिग्नल पकडणारी डबी, १० ते १२ गिगाहर्ट्झच्या उपग्रह लहरींसाठी असते, मोबाइलच्या लहरी तिच्या कक्षेतच येत नाहीत.

डोंगरापलीकडच्या टॉवरबद्दलचा दावा अर्धा खरा आहे. कमी फ्रिक्वेन्सी डोंगराच्या माथ्यावरून थोडी वळून खाली उतरते. जिओचा ८५० आणि बीएसएनएलचा ७०० मेगाहर्ट्झचा पट्टा अशा ठिकाणी उपयोगी ठरतो. २३०० तितका वळत नाही, आणि फाइव्हजीचा ३३०० च्या वरचा पट्टा तर पोफळी आणि झाडोऱ्यातच अडतो. पण दरीत जिथे काहीच उतरत नाही, तिथे गोळा करायलाही काही नसते.

‘स्पीड दहापट’चे वचन कुठलाच अँटेना देऊ शकत नाही, कारण टॉवरची क्षमता सगळ्यांत वाटली जाते. चतुर्थीला सगळे गावी आले की नेट मंदावते, डिसेंबरात कळंगुट-बागा पट्ट्यात तेच होते. तुमचा सिग्नल कितीही स्वच्छ असला तरी रांग तीच राहते. मात्र दिशा धरणारा अँटेना कमी गर्दीच्या दुसऱ्या टॉवरकडे वळवता येतो. हा त्याचा मोठा फायदा, आणि मेसेजमध्ये त्याचा उल्लेखही नाही.

पावसाबद्दलचा दावाही चुकीचा आहे. डिश टीव्ही मुसळधार पावसात जातो, कारण त्या उंच फ्रिक्वेन्सी पाऊस शोषतो. मोबाइलच्या ७०० ते २३०० मेगाहर्ट्झवर पावसाच्या थेंबांचा परिणाम नगण्य असतो. आपल्याकडे पावसात नेट जाते ते झाड पडून वीज जाते आणि टॉवरची बॅटरी संपते म्हणून. ओल्या पानांनीही थोडा सिग्नल कमी होतो. अँटेना वीजपुरवठा आणत नाही. उलट पावसाळ्यात अँटेनालाच जपावे लागते. जोडांवर स्वतः चिकटून एकजीव होणारी रबरी टेप गुंडाळावी, केबल घरात शिरण्याआधी खाली लोंबता वळसा द्यावा म्हणजे पाणी तिथेच ठिबकते, आणि खांबाला अर्थिंग करावे. मे महिन्यातल्या आणि परतीच्या पावसातल्या गडगडाटात केबल राउटरपासून काढून ठेवावी.

बूस्टर मात्र घेऊच नये. तो सिग्नल वाढवून पुन्हा प्रक्षेपित करतो, त्यामुळे आसपासच्या सगळ्यांचे नेटवर्क बिघडते. सरकारी परवानगीशिवाय तो बसवणे बेकायदा आहे.

खर्चाआधी एक करा. राउटर एक्स्टेंशन वायरवर घेऊन छपराच्या उंचीला न्या आणि त्याच्या सेटिंगच्या पानावर आरएसआरपी (टॉवरच्या सिग्नलची ताकद; उणे आकडा शून्याच्या जितका जवळ तितका चांगला) आणि एसआयएनआर (सिग्नल गोंगाटापेक्षा किती वरचढ आहे) हे दोन आकडे पाहा. घरात आरएसआरपी उणे ११५ आणि वर उणे ९५ दिसले तर अँटेनाचे पैसे वसूल होतील. आरएसआरपी बरा असून एसआयएनआर शून्याच्या आसपास असेल तर अडचण गोंगाटाची आहे, तिथे दिशा धरणारा अँटेनाच हवा. वरही उणे १२० च राहिले, तर त्याच जागी दुसऱ्या कंपनीचे सिम घालून बघा.